मिठातलं आयोडीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायरॉइडच्या तक्रारी घरोघर ऐकू यायला लागल्या, दुकानात गुलाबी, सैंधव आणि 'नैसर्गिक' मिठाच्या पुड्या आल्या, आणि आयोडीनबद्दलचे प्रश्न पुन्हा सुरू झाले. बचत गटाच्या बैठकीत, गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे प्रश्न हटकून निघतात ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात. जिथे चुकीच्या समजुतीपायी एखाद्या बाळाचं कायमचं नुकसान होऊ शकतं, तिथे मात्र सविस्तर लिहिलं आहे.

शरीराला आयोडीन लागतं कशासाठी?

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली थायरॉइड ग्रंथी असते. तिची दोन मुख्य संप्रेरकं (हार्मोन) म्हणजे टी-४ आणि टी-३. टी-४ च्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, टी-३ मध्ये तीन. रिपोर्टमधल्या या नावांतले आकडे तिथूनच आले. आयोडीन नसेल तर ही संप्रेरकं तयारच होत नाहीत, आणि त्यांची जागा दुसरं काहीही घेऊ शकत नाही.

ही संप्रेरकं शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला कामाचा वेग ठरवून देतात. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पोट साफ होणं, पाळी, वजन, मुलांची उंची आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची घडण, सगळ्यांत त्यांचा हात असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात आयोडीन असतं जेमतेम १५ ते २० मिलिग्रॅम, आणि त्यातलं बहुतेक थायरॉइडमध्येच.

रोज किती लागतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना १२०, त्याहून लहानांना ९०, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला २५०. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तरी चार ग्रॅम भरत नाहीत.

इतकं कमी लागतं, मग एकदाच घेऊन का भागत नाही, असं लोक विचारतात. कारण थायरॉइडमधला साठा फार तर काही महिने पुरतो आणि जास्तीचं आयोडीन लघवीवाटे निघून जातं. म्हणून रोज, थोडं थोडं, न चुकता मिळायला हवं. रोज, थोडं आणि न चुकता श्रीमंत-गरीब सगळेच जण खातात असा जिन्नस एकच, मीठ.

कमी पडलं तर काय होतं? गलगंडच ना?

गलगंड हे फक्त डोळ्यांना दिसणारं लक्षण. आयोडीन कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, जास्त सोडते आणि थायरॉइडला कामाला लावते. मिळेल तेवढं आयोडीन ओढून घ्यायच्या धडपडीत ग्रंथी फुगते, आणि गळ्यावर सूज दिसू लागते.

खरं नुकसान दिसत नाही तिथे होतं. गर्भाची स्वतःची थायरॉइड साधारण तीन महिने होईपर्यंत कामाला लागत नाही आणि पुढेही बराच काळ ती पुरेशी नसते. तोवर बाळाच्या मेंदूला लागणारं संप्रेरक आईकडूनच येतं. आईलाच आयोडीन कमी असेल तर मेंदूची घडण अर्धवट राहते, आणि ही कसर जन्मानंतर भरून काढता येत नाही. कमतरता फार तीव्र असेल तर गर्भपात, मृत बाळाचा जन्म, किंवा बुटकं, बहिरं-मुकं, मतिमंद मूल. हिमालयाच्या पायथ्याच्या खेड्यांत अशी माणसं एकेकाळी गावोगाव होती.

मला जास्त काळजी वाटते ती सौम्य कमतरतेची, कारण ती कुणालाच कळत नाही. २०१३ साली 'द लॅन्सेट'मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल भागातल्या हजाराहून जास्त माय-लेकरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्या आयांमध्ये आयोडीन कमी होतं, त्यांची मुलं आठव्या वर्षी बुद्ध्यांकात आणि नवव्या वर्षी वाचनात मागे पडलेली आढळली. त्या आयांना गलगंड नव्हता, त्या आजारी नव्हत्या. आपल्याकडे असं मूल वर्गात मागे राहिलं की 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून ओरडा खातं.

मी गरोदर आहे. मिठाचं प्रमाण वाढवू का?

नाही. मीठ वाढवून रक्तदाब वाढवून घेऊ नका; जे मीठ खाता ते आयोडीनयुक्तच आहे ना, हे बघा. शिवाय दूध, दही, अंडी आणि चालत असतील तर समुद्राचे मासे जेवणात ठेवा, त्यांतूनही आयोडीन मिळतं.

आणखी एक गोष्ट तपासा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, आयोडीन नसतं. म्हणजे गोळ्या नियमित चालू आहेत म्हणून आयोडीनची सोय झाली, असं होत नाही. ज्या घरात काही कारणाने साधं आयोडीनयुक्त मीठ वापरत नाहीत, किंवा जी आई दूध, अंडी, मासे यांतलं काहीच खात नाही, तिने हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावं. ते वेगळी गोळी द्यायची का ते ठरवतील. आणि शक्य असेल तर हे सगळं दिवस राहण्याआधी, लग्न ठरल्यापासूनच लक्षात ठेवा, कारण कळेपर्यंत पहिले दीड-दोन महिने निघून गेलेले असतात.

आम्ही समुद्राकाठचे. मीठही इथल्या मिठागरातलं आणि मासेही रोजचे. आम्हाला काय गरज?

हा प्रश्न रायगड-पालघरपासून गोव्यापर्यंत सगळीकडे निघतो, आणि विचारणाऱ्याचं म्हणणं वरकरणी पटण्यासारखं असतं. समुद्रात आयोडीन आहे, मग समुद्राच्या मिठात का नसेल?

हिशेब करून बघू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असतं ५० ते ६० मायक्रोग्रॅम. सगळंच्या सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं तरी एक किलो मिठात दोन मिलिग्रॅमही भरत नाही. प्रत्यक्षात तेवढंही उतरत नाही. मीठ धरलं की खाली जे कडू पाणी उरतं त्यात बरंच आयोडीन राहून जातं, काही उन्हात उडून जातं. आणि कायद्याने दुकानातल्या मिठात हवं किलोला किमान १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५ पीपीएम. मिठागराच्या मिठाला चव आहे, त्यामागे उन्हात राबणाऱ्यांचे कष्ट आहेत, आणि लोणच्याला, सुकी मासळी करायला ते उत्तमच. पण थायरॉइडची गरज त्याने भागत नाही.

माशांचं उत्तर जरा वेगळं. समुद्राचे मासे, कोळंबी यांत आयोडीन खरोखर चांगलं असतं. पण ते माशागणिक बदलतं, आणि आपल्या ताटात मासे बाराही महिने सारखे नसतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याला लागून श्रावण. शिवाय घरात शाकाहारी सून असेल तर तिच्या वाट्याला वर्षभर काहीच नाही, आणि गरोदर राहणार असते ती. देशात किनारपट्टीच्या भागांतही गलगंड आढळला आहे, तेव्हा समुद्र जवळ आहे ही काही खात्री नव्हे.

सैंधव किंवा गुलाबी मीठ जास्त चांगलं म्हणतात. ते वापरू का?

रोजच्या स्वयंपाकाला फक्त तेच वापरत असाल तर माझं स्पष्ट मत आहे: नको.

सैंधव, म्हणजे आपलं शेंदेलोण, हे डोंगरातून खणून काढलेलं मीठ. बाजारातलं गुलाबी मीठ मुख्यतः पाकिस्तानच्या पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतलं असतं. ते सोडियम क्लोराइडच आहे, साधारण ९७-९८ टक्के. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत बाकीची खनिजं असतात, पण दिवसाला पाच ग्रॅम मिठातून ती इतकी किरकोळ मिळतात की एक वाटी डाळ किंवा मूठभर शेंगदाणे त्यांना सहज मागे टाकतात. आयोडीन मात्र त्यात नावापुरतंच असतं.

मला वाईट याचं वाटतं की ही चूक अशा घरांत होते आहे जिथे आरोग्याची सगळ्यात जास्त काळजी घेतली जाते. आईवडील चौपट पैसे मोजून मीठ आणतात, बाहेरचं खाऊ देत नाहीत, आणि लेकीच्या ताटातून नेमकं आयोडीन काढून टाकतात. आजी-आजोबांनी सैंधव खाल्लं तर एक वेळ चालेल. पंचविशीतल्या मुलीच्या, गरोदर सुनेच्या आणि वाढत्या मुलांच्या जेवणात तेच एक मीठ असणं मला धोक्याचं वाटतं.

एकादशीला, चतुर्थीला उपासाच्या पदार्थांत सैंधव घाला, काही बिघडत नाही. ताकात, चाटमध्ये पादेलोण घाला. काही कंपन्या आयोडीन मिसळलेलं सैंधवही विकतात. चव तीच हवी असेल तर पुडीवर 'आयोडीनयुक्त' हा शब्द शोधून ते घ्या.

मिठात आयोडीन घालायची ही कल्पना कुणाची? परदेशी कंपन्यांची ना?

हा आरोप नव्वदच्या दशकात फार जोरात झाला आणि अजूनही ऐकू येतो, म्हणून इतिहास नीट सांगते.

१८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करत असताना त्यांना जांभळी वाफ दिसली, ते आयोडीन. १८२० मध्ये जिनिव्हाच्या कोइंदे या डॉक्टरांनी गलगंडाच्या रोग्यांना ते देऊन पाहिलं. स्वित्झर्लंडने १९२२ पासून आणि अमेरिकेत मिशिगन राज्याने १९२४ पासून आयोडीन मिसळलेलं मीठ विकायला सुरुवात केली. डोंगराळ प्रदेशांत पाऊस, बर्फ आणि पूर जमिनीतलं आयोडीन धुऊन नेतात. तिथल्या पिकात नाही, चाऱ्यात नाही, म्हणून दुधातही नाही. आल्प्सच्या खेड्यांत गलगंड होता तो त्यामुळेच.

आपल्याकडचा पुरावा मात्र आपल्याच मातीतला आहे. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काम सुरू केलं. सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे तीन विभाग पाडले. एका विभागाला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेलं मीठ, एकाला पोटॅशियम आयोडेट मिसळलेलं, आणि मधल्या विभागाला साधं मीठ. सुरुवातीला शाळकरी मुलांत गलगंडाचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास होतं. १९६२ पर्यंत आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं, साध्या मिठाच्या विभागात होतं तिथेच राहिलं. मग त्या विभागालाही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथेही गलगंड उतरू लागला. आपल्या दमट हवेत आयोडेट जास्त टिकतं, म्हणून आज आपल्या पुडीत पोटॅशियम आयोडेट असतं.

१९६२ मध्येच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आधी तो हिमालयाच्या पट्ट्यापुरता होता. पुढे सर्वेक्षणं झाली तसं कळलं की देशात एकही राज्य यातून सुटलेलं नाही, महाराष्ट्रही नाही. १९८४ मध्ये खाण्याचं सगळंच मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. १९९२ मध्ये कार्यक्रमाचं नाव बदलून 'आयोडीन कमतरता विकार' असा व्यापक शब्द आला. साध्या मिठाच्या विक्रीवर १९९७ मध्ये देशभर बंदीचा आदेश निघाला, २००० मध्ये तो मागे घेतला, आणि २००६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

बंदीला विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं खरं होतं: छोट्या मीठ उत्पादकांवर बोजा पडला आणि पुडीबंद मिठाने सुट्या मिठाची जागा घेतली. त्या उत्पादकांना मदत मिळायला हवी होती, आजही हवी. पण म्हणून मुलांच्या मेंदूला लागणारं आयोडीन काढून घेणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

पुडीवर 'पोटॅशियम फेरोसायनाइड' लिहिलेलं असतं. ते सायनाइड ना?

नाव दचकवणारं आहे, भीती वाटणं साहजिक आहे. हा पदार्थ मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून घालतात; आयोडीनशी त्याचा संबंध नाही. त्यातलं सायनाइड लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात किंवा रोजच्या स्वयंपाकाच्या आचेवर ते मोकळं होत नाही.

आकडे बघा. आपल्याकडे मर्यादा आहे किलोला १० मिलिग्रॅम. पाच ग्रॅम मिठातून पोटात जाईल ०.०५ मिलिग्रॅम. अन्न आणि कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने आयुष्यभर रोज घेतली तरी चालेल अशी ठरवलेली मर्यादा ६० किलो वजनाच्या माणसाला १.५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तीसपट. एवढं सांगूनही मन मानत नसेल तर हा पदार्थ न घातलेलं आयोडीनयुक्त मीठही मिळतं, ते घ्या. फक्त भीतीपोटी आयोडीन सोडू नका.

मला थायरॉइड आहे, रोज गोळी चालू आहे. आयोडीनचं मीठ बंद करू?

बहुतेकांनी करायचं नाही. आज शहरांत जो थायरॉइड दिसतो त्यात मोठा वाटा हाशिमोटोचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते त्याचा. तो आयोडीन कमी खाल्ल्याने बरा होत नाही आणि जास्त खाल्ल्यानेही नाही. गोळीतून तयार संप्रेरक मिळतं, मीठ नेहमीचंच ठेवायचं. आणि तुमच्यासाठी म्हणून मीठ बदललंत तर ते घरातल्या सगळ्यांचंच बदलतं, हे विसरू नका.

ज्यांची थायरॉइड जास्त काम करते त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वागावं. रेडिओआयोडीनची (किरणोत्सारी आयोडीनची) तपासणी किंवा उपचार व्हायचे असतील तेव्हा आधी आठवडा-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार सांगतात, तो तेवढ्यापुरताच.

गोळीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण यात फार गोंधळ होतो: थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घ्या, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी. गरोदरपणात तिन्ही गोळ्या एकदम गिळल्या जातात, थायरॉइडची नीट शोषलीच जात नाही आणि टीएसएच चढत राहतो.

आयोडीनच्या मिठामुळेच थायरॉइडचे रोगी वाढले, हे खरं का?

यात थोडं तथ्य आहे. वर्षानुवर्षं आयोडीन कमी मिळालेल्या वस्तीत ते सुरू केलं की काही लोकांत, मुख्यतः जुन्या गाठी असलेल्या वयस्कर माणसांत, थायरॉइड काही काळ जास्त काम करू लागते. डेन्मार्कमध्ये २००० नंतर मीठ सक्तीने आयोडीनयुक्त झालं तेव्हा हे बारकाईने नोंदवलं गेलं, आणि ग्रंथीचं काम मंदावण्याचं प्रमाणही तिथे थोडं वाढलेलं दिसलं. आपल्याकडे रोगी वाढलेले दिसतात त्याला दुसरंही कारण आहे: आता तपासणी होते. पूर्वी थकवा, वाढतं वजन, पाळीची अनियमितता 'बायकांचं दुखणं' म्हणून सोडून देत.

थायरॉइड मंदावलेल्या माणसाला रोजची एक गोळी पुरते. आयोडीनअभावी अर्धवट घडलेल्या मेंदूला गोळी नाही. या दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मला तरी क्षणभरही विचार करावा लागत नाही.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन, बाजरीची भाकरी बंद करावी का?

नाही. कोबी-फ्लॉवर-मोहरीच्या कुळात आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्या कंदात थायरॉइडच्या आयोडीन वापरण्यात अडथळा आणणारे पदार्थ असतात. साबुदाणा तयार होताना त्यातले बरेच निघून जातात, भाजी शिजवल्यावरही जोर कमी होतो.

बाजरीची गोष्ट वेगळी आणि आपल्या जवळची. सुदानच्या दारफूरमध्ये, जिथे आयोडीन कमी आणि जेवण जवळजवळ फक्त बाजरीचं, तिथे गलगंड का जास्त याचा शोध घेताना १९८० च्या दशकात बाजरीतल्या काही फ्लेव्होनॉइड्सचा (वनस्पतींत असणाऱ्या नैसर्गिक रसायनांचा) थायरॉइडवर परिणाम होतो असं दिसलं. ते शिजवून नाहीसे होत नाहीत. पण ही अडचण येते ती आयोडीन अपुरं असतं तिथे आणि ताटात दुसरं काही नसतं तेव्हा. थंडीत बाजरीची भाकरी, वर तीळ, लोण्याचा गोळा आणि आयोडीनयुक्त मिठाचा ठेचा खाणाऱ्याने बाजरी सोडण्याचं काही कारण नाही. बाजरीवरच दिवस काढणाऱ्या कोरडवाहू गावांत मिठाची चौकशी जास्त काटेकोरपणे करावी, एवढंच मी म्हणेन.

आयोडीन उडून जातं म्हणतात. मीठ ठेवायचं कसं, घालायचं केव्हा?

बरणी घट्ट झाकणाची, काचेची किंवा चिनी मातीची, शेगडीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि ओल्या मिठातून आयोडीन निथळून तळाशी जातं, म्हणून मोठी बरणी भरून ठेवण्यापेक्षा लहान पुडी आणून लवकर संपवा. चमचा कोरडा हवा. ओल्या हाताने चिमूट घ्यायची सवय मोडा.

आमटी-भाजी उकळताना आयोडीनचा काही भाग जातो, किती ते पदार्थावर आणि वेळेवर ठरतं. जमेल तिथे मीठ शेवटी घाला. डाळ मीठ घालूनच शिजवायची सवय असेल तर त्यापायी घरात वाद घालू नका. थोडं कमी होईल, सगळं जात नाही.

खडे मीठ धुऊन वापरणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगते. आयोडीन खड्याच्या वरच्या थरावर फवारलेलं असतं. धुतलंत की ते मोरीत गेलं.

आपल्या मिठात आयोडीन आहे का, हे घरी तपासता येतं?

आशाताईंकडे मीठ तपासायचं किट असतं, त्यांना विचारा. बशीत चमचाभर मीठ सपाट करायचं आणि बाटलीतल्या द्रवाचा एक थेंब टाकायचा. त्यात स्टार्च असतो. आयोडीन असेल तर थेंब पडल्या जागी लगेच जांभळा-निळा डाग उमटतो. सोबतच्या कागदावर ०, ७, १५ आणि ३० पीपीएमचे रंग छापलेले असतात, त्यांच्याशी डाग ताडून बघायचा. रंग आलाच नाही तर घाईने निकाल देऊ नका. काही मीठ अल्कधर्मी असतं, त्यासाठी किटमध्ये दुसऱ्या द्रवाची बाटली असते. तिचा थेंब टाकून पुन्हा पहिल्या द्रवाचा टाकायचा. बैठकीत पाच घरांची पाच मिठं एका ताटात मांडून हे दाखवलं की पुढे भाषणाची गरज उरत नाही. एक डाग गर्द, एक फिका, एक पांढराच, आणि ज्या घराचा पांढरा असतो ती बाई त्याच संध्याकाळी दुकानदाराला जाब विचारते.

महिन्याला ५० नमुने तपासायचे आणि त्याचा मोबदला २५ रुपये, असं या कामासाठी आशाताईंना ठरवून दिलेलं आहे. नमुन्यामागे ५० पैसे. देशाच्या पुढच्या पिढीच्या मेंदूची राखण या मोबदल्यात होते आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

चिरलेल्या बटाट्यावर मीठ आणि लिंबू पिळून निळा रंग बघण्याचा व्हिडिओ फिरतो. आपल्या मिठात आयोडेट असतं आणि त्याच्यासोबत ही युक्ती भरवशाने चालत नाही. रंग आला नाही म्हणून मीठ फेकू नका.

मग आता तर सगळ्यांच्याच घरी आयोडीनयुक्त मीठ असतं ना?

२०१८-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या साधारण ७६ टक्के घरांतल्या मिठात पुरेसं, म्हणजे १५ पीपीएम किंवा जास्त आयोडीन आढळलं. मोठं यश आहे. पण चारातलं जवळपास एक घर अजून बाहेर आहे, आणि त्यात गोणीतलं सुटं मीठ घेणारी घरं बरीच असतात.

डॉक्टर म्हणतात बीपीसाठी मीठ कमी करा, तुम्ही म्हणता मीठ खा. ऐकायचं कुणाचं?

डॉक्टरांचं. मीठ जास्त खा असं इथे कुणी म्हणत नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. जे खाल ते आयोडीनयुक्त असावं. पापड, लोणचं, फरसाण, चिप्स आधी कमी करा. त्यांतलं मीठ बरेचदा आयोडीनचं नसतंच, तेव्हा ते सोडून काही गमावत नाही.

'लो सोडियम' मीठ घेताना सांभाळा. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांना आणि बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.

आयोडीनच्या गोळ्या, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. केल्प नावाच्या शेवाळात आयोडीन इतकं कमी-जास्त असतं की एका कॅप्सूलमध्ये कित्येक दिवसांचा डोस निघू शकतो. अतिरेकानेही थायरॉइड बिघडते. मिठातून, दूध-माशांतून असा अतिरेक होणं कठीण.

जखमेला लावायचं आयोडीन पाण्यात थेंबभर घालून प्यायलं तर?

कधीही नाही. टिंक्चर आयोडीन आणि पोविडोन आयोडीन ही पोटात घ्यायची औषधं नव्हेत. तान्ह्या बाळाच्या नाळेवरही मनाने लावू नका. नाजूक कातडीतून ते रक्तात जातं आणि बाळाची थायरॉइड दबते.

बाळाला वर्षाच्या आत मीठ द्यायचं नाही म्हणतात. मग त्याला आयोडीन कुठून?

आईच्या दुधातून. म्हणूनच अंगावर पाजणाऱ्या आईची गरज २५० मायक्रोग्रॅम धरली आहे. बाळाच्या पेजेत मीठ घालायची गरज नाही, आईच्या जेवणात मात्र आयोडीनयुक्त मीठ हवंच. बाळंतिणीला पथ्याच्या नावाखाली अळणी किंवा फक्त सैंधवाचं जेवण देतात, ती पद्धत सोडून द्या.

जन्मानंतर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच तपासता येतं. काही बाळांची थायरॉइड जन्मतःच कमी काम करते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मेंदू वाचतो. तुमच्या प्रसूतिगृहात ही चाचणी होते का, ते आधीच विचारून ठेवा.

आम्ही तारापूरजवळ राहतो. अणुभट्टीत अपघात झाला तर आयोडीनचं मीठ उपयोगी पडतं का?

नाही. अशा अपघातात हवेत किरणोत्सारी आयोडीन सुटू शकतं आणि थायरॉइड ते ओढून घेते. पोटॅशियम आयोडाइडची मोठी गोळी वेळेवर घेतली तर ग्रंथी आधीच भरलेली राहते आणि ते आत घेत नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर पोलंडने लाखो मुलांना असं औषध दिलं होतं. मोठ्या माणसाच्या एका डोसात साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. १५ पीपीएमच्या मिठातून तेवढं मिळवायचं तर साडेसहा किलोहून जास्त मीठ खावं लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधीच मिठाने जीव जाईल. २०११ मध्ये फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं मीठ रिकामं केलं, त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. गोळी कधी घ्यायची ते सरकारी यंत्रणा सांगते, आपणहून घ्यायची नाही.

दुकानदार आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकतो आहे. काय करू?

जनावरांसाठी, कारखान्यासाठी किंवा खारवण्यासाठी साधं मीठ विकता येतं, पण गोणीवर किंवा पुडीवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. माणसांच्या थेट खाण्यासाठी ते विकणं बेकायदेशीर आहे. महाराष्ट्रात तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करा. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतःही शुल्क भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. पुडी फेकू नका, तिच्यावरचा बॅच क्रमांक आणि तारीख लागते. आणि मीठ मूळ पिशवीतच, तोंड बांधून, कोरडं न्या.